जैबूनभाबीची फुलं, ताराकाकीचं लिंबू

नर्सरीवाल्याकडे लोक दोन कारणांनी येतात. एक, रोप घ्यायला आणि दुसरं, घेतलेलं रोप मेलं म्हणून भांडायला. पहिल्या कारणाने आलेला माणूस दुसऱ्या कारणाने परत यायला साधारण एक उन्हाळा पुरतो. मी हा धंदा आधी पेणला भाड्याच्या जागेत केला. तिथे इमारत उठली तेव्हा कासूला आमच्याच शेताच्या कडेला आलो. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची जास्वंदीची रांग गेली, तरी मागे सरकून टिकून राहिलो. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून नर्सरी लेकीच्या ताब्यात दिली आहे आणि मी शेडनेटखाली खुर्ची टाकून बसतो. लेक मला गिऱ्हाइकांशी फार बोलू देत नाही. मी बोललो की विक्री कमी होते, असं तिचं म्हणणं.

तिचं अगदीच चूक नाही. एकदा एक गृहस्थ गाडीतून उतरले आणि म्हणाले, सावली दाट पाहिजे, पण पानं गळायला नकोत, मुळं पसरायला नकोत आणि पक्षी बसून गाडी घाण करायला नको. असं झाड दाखवा. मी म्हटलं, साहेब, ताडपत्री घ्या. ते गेले. लेक दोन दिवस बोलली नाही.

अलीकडे एक नवीन प्रकारचं गिऱ्हाईक येतं. पेणच्या आजूबाजूला बंगल्यांचे प्लॉट पडले, तिथली माणसं. त्यांना फुलपाखरांची बाग हवी असते. अशाच एका बाईंना मी पेंटास, एक्झोरा, मुसांडा असं सगळं लावून दिलं. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. फुलपाखरं भरपूर येतात, फार छान वाटतं, पण कढीपत्त्यावर अळ्या पडल्यात, औषध सांगा. मी म्हटलं, ताई, त्या अळ्या म्हणजे तीच फुलपाखरं. त्या म्हणाल्या, "ते माहीत आहे मला. शाळेत शिकलोय आपण सगळेच. पण त्यांनी दुसरीकडे कुठे तरी मोठं व्हावं आणि मग यावं ना."

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर वाटलं, ही काय जगावेगळं बोलली? पाहुणे सगळ्यांनाच आवडतात. त्यांची लेकरं आपल्या घरात वाढवायची म्हटलं की प्रत्येकाला जागा कमी पडते.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. फुलपाखरू जेवतं फुलावर, पण बाळंत होतं पानावर. आणि कुठल्याही पानावर नाही. मोठी, ऐटबाज फुलपाखरं, ज्यांना पुस्तकात पुच्छ फुलपाखरं म्हणतात (त्यातल्या निम्म्यांना शेपटीच नसते, तो भाग वेगळा), त्यांतली आपल्या भागात दिसणारी बरीचशी लिंबाच्या जातीवर अंडी घालतात. लिंबू, पपनस, कढीपत्ता, बेल. काळ्या पंखांवर निळं पाणी सांडल्यासारखा दिसणारा निलवंत, पांढऱ्या ठिपक्यांच्या माळेचा बहुरूपी, पिवळी-काळी लिंबाळी, ही सगळी त्यातलीच. अळी लहान असते तेव्हा पानावर चिमणीची शीट पडल्यासारखी दिसते. मोठी झाली की हिरवीगार, बोटाएवढी जाड. तिला काडी लावली तर डोक्यातून दोन लाल-केशरी शिंगं बाहेर काढते आणि सडक्या लिंबाचा वास सोडते. कोवळी पालवी तिला फार प्रिय. लहान झाड असेल तर आठवड्यात काड्या उरतात.

फुलांचं गणित वेगळं. या मोठ्या पाखरांना लाल रंग लांबून दिसतो. पेंटास, एक्झोरा, घाणेरी यांची बारीक नळीची फुलं त्यांना सोयीची. दुहेरी पाकळ्यांची, बाजारात महाग विकली जाणारी फुलं त्यांच्या काही कामाची नाहीत. आणि ही पाखरं फुलावर निवांत बसून पीत नाहीत. पंख सारखे फडफडत ठेवतात, जणू घरी दूध उतू चाललंय.

नर्सरीवाला फुलझाडंही विकतो आणि लिंबूही विकतो. एका घरात दोन्ही विकलं तर फार बिघडत नाही, कारण माणूस स्वतःशी भांडत नाही. मी ते दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या दोन बाजूंना विकलं.

रोह्याच्या अलीकडे निडीजवळ एका वाडीत जैबूनभाबी राहायची. नवऱ्याचा जन्म कुवेतमध्ये गाडी चालवण्यात गेला आणि दोन्ही मुलगे दोह्याला. घर मोठं बांधलेलं, दर्शनी भागात लाद्या, आणि राहायला ती एकटी. नवरा दोन वर्षांनी एकदा यायचा. पहिल्यांदा ती माझ्याकडे आली ती गाडीने कासूला उतरून, डोक्यावर ओढणी आणि हातात रिकामी पिशवी. लाल पेंटासच्या दोन कुंड्या घेतल्या. कारण विचारलं तर म्हणाली, "लाल हाय म्हणून."

महिन्याभराने परत आली आणि म्हणाली, "भाई, त्या झाडाव एक मखमलवाला येतो. काळा, मागं निळा. एवढा." आणि तिने दोन्ही तळवे जोडून उघडून दाखवले.

"निलवंत तो."

"माझ्याकडं मखमलवालाच हाय तो. त्याला आणखी काय आवडतं?"

हे असं सुरू झालं. दर दोन-तीन महिन्यांनी ती यायची आणि कोणाला काय आवडतं ते विचारायची. बहुरूपीला ती माळवाली म्हणायची आणि लिंबाळीला चौकडीवाली. मी फुलं विकायचो. घराच्या बाजूची सगळी पट्टी तिने भरून काढली. एक्झोरा, मुसांडा, घाणेरी, देवळाच्या कळसासारखा उभा फुलणारा कृष्णकिरीट. सकाळी चहा घेऊन ती ओट्यावर बसायची आणि मुलांना फोनवर सांगायची, आज कोण कोण आलं. मुलांना वाटायचं, पाहुण्यांबद्दल बोलतेय.

पलीकडे ताराकाकी. भात आणि वाल करणारं घर. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा महेश एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला, सून मुलांच्या शाळेसाठी रोह्यात खोली घेऊन राहिलेली. म्हणजे तीही दिवसभर एकटीच. दोघी लग्न होऊन एकाच सुमाराला वाडीत आलेल्या. मधल्या दगडी गडग्यात एका जागी दोन-चार दगड काढून वाट केलेली होती आणि तिथून वालाच्या शेंगा, ईदची खीर, लोणचं, औषधाच्या गोळ्या, सगळं इकडून तिकडे जायचं.

ताराकाकीला लिंबाचं झाड हवं होतं आणि ते तिला लाभत नव्हतं. पहिलं झाड जैबूनभाबीच्या शेळीने खाल्लं. त्यावरून दोघी आयुष्यभर हसत आल्या होत्या. दुसरं पावसात मुळाशी पाणी साचून गेलं. तिसरं तिने माझ्याकडून नेलं आणि मला बजावलं, "हे गेलं तर परत लिंबू लावायची नाय मी. लोकांकडनं लिंबं मागायचा कंटाळा आला. आता तूच येऊन जागा दाखव." मी गेलो. सगळ्या परसात फिरलो. पाणी साचणार नाही आणि ऊन भरपूर, अशी जागा एकच होती. गडग्याला लागून. तिथे मातीचा उंचवटा करून मी स्वतः लिंबू लावून दिलं. पलीकडे जैबूनभाबीचा एक्झोरा फुलला होता, तो मी पाहिला. छान दिसतोय, असंही म्हणालो.

लिंबाने जीव धरला. वर्षभराने दाट पालवी फुटली आणि ताराकाकीचा फोन आला.

"ये बगायला. झाडाची काठी झाली."

गेलो. कोवळी पानं सगळी साफ, प्रत्येक डहाळीवर दोन-दोन हिरव्या अळ्या. मी वाकून बघतोय तोवर गडग्यापलीकडून जैबूनभाबीने हाक मारली, "भाई, आलास? बरं झालं. हे बघ, आज तीन मखमलवाले!" तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक्झोरावर खरंच तीन निलवंत नाचत होते. त्यातला एक उडाला, गडगा ओलांडून आला, ताराकाकीच्या लिंबाभोवती फिरला आणि पोटाचं टोक वाकवून एका कोंभाला टेकून गेला. ताराकाकीने ते पाहिलं. मीही पाहिलं.

"हे काय केलं त्यानं?" तिने विचारलं.

"अंडं घातलं. मादी आहे ती."

ताराकाकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजे जेवायचं तिकडं आणि हगायचं इकडं."

जैबूनभाबी आधी हसली, मग ताराकाकी हसत नाही हे पाहून थांबली.

"तू सांग," ताराकाकी मला म्हणाली, "हिची फुलं नसती तर ही पाखरं आली असती काय?"

मी खरं तेच सांगितलं. "आली असती. पण एवढी नाही."

दोघींनी वाक्य अर्धं अर्धं वाटून घेतलं. "बगलंस? एवढी नाय," ताराकाकी म्हणाली. "बघ वैनी, आली असती म्हणतो तो," जैबूनभाबी म्हणाली. पुढची कितीतरी वर्षं दोघी मला माझंच वाक्य ऐकवत आल्या, आपापला तुकडा.

मी ताराकाकीला सांगितलं की झाड लहान आहे तोवर सकाळी हाताने अळ्या वेचायच्या, झाड मोठं झालं की त्याचं त्याला सोसेल. तिने करून पाहिलं. पण त्या शिंगांची आणि वासाची तिला किळस. "शिंगं काढतंय मेलं माझ्याव," म्हणायची. आणि दुपारी घरात बसलं की गडग्यापलीकडून फोनवरचं बोलणं ऐकू यायचं, आज किती आले, कसे आले. जिच्या झाडाची पानं जात होती तिला ते कसं ऐकवेल? वाटेतून जाणं-येणं कमी झालं. शेंगा गेल्या नाहीत, लोणचं आलं नाही.

मग एका रविवारी महेशने फवारा मारला. आई रोज कुरकुर करते म्हणून त्याने घरातलं भाताचं औषध पंपात भरलं. प्रमाण अंदाजाने. वर वारा सुटलेला. कंपनीत जाण्याआधी घाईत सगळं झाड भिजवून तो निघून गेला.

दुपारपर्यंत अळ्या पडल्या, तसा गडग्यापलीकडे एक्झोराखालीही सडा पडला. निलवंत, बहुरूपी, लिंबाळी, कोणाचे पंख हलत होते, कोणाचे नाही. जैबूनभाबीच्या दोन कोंबड्या अळ्या टिपायला गडग्यावरून गेल्या होत्या. त्याही संध्याकाळपर्यंत मेल्या. तिने काय केलं, तर मेलेली पाखरं सुपात गोळा केली आणि गडग्याच्या दगडांवर ओळीने मांडून ठेवली. ताराकाकीच्या दारातून दिसतील अशी.

ताराकाकी बाहेर आली आणि भडकली. तिला वाटलं, आपल्या दारात मुद्दाम काहीबाही मांडून ठेवलंय. "माझ्या झाडाव मी काय पन मारीन!"

"मार," जैबूनभाबी म्हणाली. "झाड तुझं हाय. वारा तुझा नाय."

एवढंच. त्या दोघींमध्ये आरडाओरडा झाला नाही, त्यामुळे मिटवायलाही कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गडग्यातल्या वाटेत बाभळीची काटी भरलेली होती. ती कोणी भरली, हे आजतागायत कळलेलं नाही. दोघीही दुसरीचं नाव घेतात.

चार दिवसांत लिंबाचीही पानं करपून गळू लागली. औषध जहाल झालं होतं. ताराकाकीने मला बोलावलं. त्याच सकाळी जैबूनभाबीचाही फोन आला होता, येतोस का म्हणून. मला वाटलं, कोंबड्यांचं सांगणार असेल.

आधी ताराकाकीकडे गेलो. ती झाडाच्या बुंध्याला हात लावून बसली होती. "जगंल काय रे?"

"खरवडून बघतो." नखाने साल खरवडली. खाली हिरवं होतं. "जगेल. भरपूर पाणी दे. दुसरं काही करू नको. काहीही मारू नको."

"महेशला बोल्ली मी. तो म्हनतो, तुज्यासाठीच केलं. त्याला तरी काय बोलू?" मग हळूच तिने गडग्याकडे मान वळवली. "तिच्या कोंबड्या मेल्या म्हनं."

"तूच विचार की तिला."

"मी नाय विचारायची." आणि उठून आत गेली.

मी रस्त्याने वळसा घालून जैबूनभाबीकडे गेलो. तिने चहा दिला. कोंबड्यांचा विषयच काढला नाही. म्हणाली, "भाई, ही सगळी झाडं उपटून ने. मुळासकट. पैसे नको. पण माझ्या दारात ठेवू नको."

मी पट्टीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत एकेक करून मीच आणलेली झाडं. एक्झोरा तिच्या खांद्यापर्यंत आलेला.

"का पण?"

"माझ्या फुलांनी तिचं झाड खाल्लं, हे मला ऐकून घ्यायचं नाय. ती नवी नवरी होती तेव्हापासून ओळखते मी तिला. माझा थोरला जन्मला तेव्हा पहिली आंघोळ तिनं घातली त्याला. फुलं काय करायची आता? तिच्याकडं जायला-यायला नको मला?"

मी सरळ खोटं बोललो. म्हणालो, या उन्हात झाडं हलवली तर एक जगणार नाही, पावसाळ्यात येतो. खरं तर नीट गोळा बांधून काढली असती तर जगली असती. तिलाही हे कळत असणार, इतकी वर्षं माझ्याकडून ऐकत आलेली बाई ती. पण ती म्हणाली, "बरं. पावसाळ्यात ये." कपबशी उचलली आणि वळताना एक्झोराचा सुकलेला तुरा हाताने मोडून टाकला, जसं ती रोज करायची.

धंद्यात मी बरीच झाडं वाचवली, पण ती सगळी पाणी, खत आणि सावली देऊन. हीच काय ती नुसती सबब सांगून.

पावसाळ्याच्या तोंडाशी लिंबाला नवे कोंभ फुटले. आणि कोंभ फुटले तशा अळ्या आल्या. यायच्याच. इथून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. दोघींनी वेगवेगळं सांगितलं.

ताराकाकी सांगते की ती झाडाखाली उभी होती, अळ्या बघत होती, काय करावं सुचत नव्हतं. महेशला सांगायचं नव्हतं. तेवढ्यात रस्त्याकडून जैबून आली, हातात स्टीलचा डबा. म्हणाली, "मारू नको. मी वेचून नेतंय."

जैबूनभाबी सांगायची की ती स्वतःहून गेलीच नाही. ताराने गडग्यापलीकडून हाक मारली. "जैबून गो, तुजी पाखरं पुन्ना आली माज्याकडं. नेतंस काय?" मग ती डबा घेऊन गेली.

कोणाचं खरं, ते मी ठरवत नाही. दोघींचंही असेल. एवढं मात्र खरं की जैबूनभाबी वळसा घालून आली, तिने एकेक अळी बोटांनी उचलून डब्यात घेतली, अळ्यांनी शिंगं काढली, ताराकाकी नाकाला पदर लावून मागे सरकली आणि म्हणाली, "तुला किळस नाय वाटत?" आणि जैबूनभाबी म्हणाली, "दोन पोरांचं हागमूत काढलं. हिला काय घाबरू?" त्यानंतर ताराकाकीने महेशकडून गडग्याच्या वाटेतली काटी काढून घेतली. महेश नंतर दोन कोंबड्या आणून पलीकडे सोडून आला.

आता प्रश्न असा की अळ्या नेऊन करायचं काय? जैबूनभाबीने त्या आपल्या कढीपत्त्यावर सोडल्या. मला फोन करून विचारलं. मी मोठ्या तज्ज्ञासारखा सांगून मोकळा झालो की लिंबावर वाढलेली अळी मधेच कढीपत्ता खाणार नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "चौकडीवाल्या खातात. मखमलवाल्या नाय खात." म्हणजे मी निम्मा बरोबर होतो, आणि निम्म्या अळ्या उपाशी होत्या.

त्यावर मला एक सुचलं. मोसंबीचं कलम करताना खाली जंबेरीचं रोप लागतं. जंबेरी म्हणजे रानटी, काटेरी लिंबू. त्यात मोसंबीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, बसवतात. डोळा दर वेळी धरतो असं नाही. फसला की ते जंबेरीचं रोप बिनकामाचं, त्याला गिऱ्हाईक नाही. माझ्याकडे नर्सरीच्या मागे अशा फसलेल्या रोपांचा ढीग पडलेला असायचा. त्यातली चांगली दांडगी बघून मी टेम्पोत टाकली आणि जैबूनभाबीच्या मागच्या अंगाला लावून दिली. जंबेरी वाढते झपाट्याने, पानं भरपूर, आणि कोणी खाल्ली तर वाईट वाटायचं कारण नाही.

पुढची काही वर्षं दोघींच्या सकाळी त्यातच गेल्या. जैबूनभाबी डबा घेऊन गडग्यातून यायची, अळ्या वेचायची, जंबेरीवर नेऊन सोडायची. सगळ्या अळ्या मिळायच्या नाहीत, काही पक्षी न्यायचे, काही लिंबावरच लपून राहायच्या आणि पानं कुरतडायच्या. लिंबू काही बहरून आलं नाही. पण जगलं, आणि ताराकाकीच्या घरापुरती लिंबं द्यायला लागलं. वर्षभराने मी तिथून जात होतो, तर काय पाहतो, ताराकाकी स्वतः चिमट्याने अळी उचलतेय आणि पलीकडे ओरडतेय, "हिला शिंगं नाय आली गो, आजारी हाय काय?" भाकरी भाजायचा चिमटा होता तो. महेशने नंतर सांगितलं की घरात त्यावरून दोन चिमटे झाले.

मी पावसाळ्यात झाडं न्यायला येणार होतो, हे कोणी काढलं नाही. मीही नाही काढलं.

मग जैबूनभाबीचा धाकटा दोह्याहून कायमचा परत आला आणि त्याने पनवेलला दुकान टाकलं. नवराही थकून परतला होता, त्याला दवाखाना जवळ हवा होता. मुलाने सहाव्या मजल्यावर घर घेतलं आणि दोघांना तिकडे नेलं. वाडीतलं घर आधी बंद राहिलं, मग विकलं गेलं. घेणाऱ्याने कामगारांना खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणून बाजूची सगळी पट्टी साफ करून कोबा केला. एक्झोरा, घाणेरी, जंबेरी, सगळं एका दिवसात गेलं. ताराकाकी तेव्हा लेकीकडे गेली होती. परत आली तेव्हा गडग्यातली वाटही विटांनी बुजवलेली होती.

जैबूनभाबीने पनवेलहून मला फोन केला होता. गॅलरीत एक पेंटासची कुंडी ठेवलीय म्हणाली. मग विचारलं, "भाई, सहाव्या माळ्याव येतात काय रे हे?"

मी म्हटलं, "येतात कधी कधी. वाऱ्यावर वर येतात."

"खोटं नको बोलू. माझी झाडं नाय नेलीस तेव्हा पण खोटं बोल्लास." ती हसत होती. मग तिने ताराकाकीच्या गुडघ्याचं विचारलं, लिंबाचं विचारलं, आणि फोन ठेवला.

यंदा पावसाच्या थोडं आधी ताराकाकी नर्सरीत आली. रिक्षा करून, निडीहून कासूपर्यंत. आता तिला चालवत नाही. मी खुर्ची दिली. लेकीने पाणी आणलं. मी लिंबाचं विचारलं.

"पान न् पान शाबूत हाय," ती म्हणाली. "एक अळी नाय. एवढी लिंबं लागली की महेश पिशव्या भरून कंपनीत वाटतो."

"मग छान झालं की."

"व्हय, छानच." पाण्याचा तांब्या तिने खाली ठेवला. थोडा वेळ रोपांच्या रांगा बघत बसली. मग म्हणाली, "जैबूनकडं होती ना, ती सगळी दे मला. तो लाल गुच्छवाला, ती घाणेरी, ते देवळासारखं उभं फूल व्हतं ते. सगळी. लिंबाच्या बाजूला लावायची हायत."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. विक्री कमी करू नका, असं त्या बघण्यात होतं. पण मला राहवलं नाही. माझाच धंदा, माझंच ते झाड.

"काकी, बरोबर लिंबाच्या बाजूला ही फुलं लावलीस तर परत अळ्या पडतील. सगळी पालवी जाईल. लिंबं येणार नाहीत."

"मला ठाव हाय ते. तू काय नवीन सांगतंस?" तिने पदराने तोंड पुसलं. "लिंबं काय, बाजारात मिळतात."

मी उठलो आणि एक्झोरा, मुसांडा, पेंटास, कृष्णकिरीट, एकेक करून रिक्षात मागे भरलं. घाणेरीची पिशवी बसेना. ती तिने मांडीवर घेतली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "हळू ने रे. फांद्या मोडतील."